दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या

‘बसलीस का?’ हे दोन शब्द मला आजही कुणी म्हटलेले खपत नाहीत. प्रश्न तसा साधा आहे. पण धुळ्याला माझ्या सासरी तो ज्या सुरात विचारला जायचा, तो सूर एकदा कानात बसला की माणूस खाटेवर टेकता टेकता परत उभं राहतं. विचारायचे माझे सासरे, नाना. ते वाईट नव्हते हो. गिरणीतून रिटायर झालेला सरळ माणूस, घरात कधी आवाज चढवला नाही. पण बाहेरून आले की चपला काढता काढता सासूबाईंकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘बसलीस का?’ सासूबाई घोटभर चहासाठी भिंतीला टेकलेल्या असायच्या. त्या कप तसाच ठेवून उठायच्या आणि शिलाई मशीनवर जाऊन बसायच्या. म्हणजे बसलेली बाई उठून परत बसायची! मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. ओसरीत त्यांची पायमशीन होती आणि गल्लीतल्या, गल्लीबाहेरच्या बायकांचे ब्लाउज त्या शिवायच्या. मी अमळनेरला शिवणाचा क्लास केलेला होता. मुलगी शिवते म्हटल्यावर या घराने पत्रिकासुद्धा बघितली नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी अक्कांच्या मशीनशेजारी दुसरी मशीन आली. ती माझी. तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं.

अक्कांचं माहेर पिंपळनेरकडच्या एका लहान गावातलं. तिकडची एक म्हातारी बाई माझ्या लग्नात आली होती. तिने माझा हात धरून मला सांगितलं, ‘तुनी सासू गाना जोडे. दुसरा गावन्या पोरी येत तिनं गानं ऐकाले.’ जोडे, म्हणाली ती. म्हणजे पाठ केलेलं गाणं नव्हे. झोक्यावर बसल्या बसल्या ओळीला ओळ लावून नवं गाणं करायचं. मी अक्कांकडे बघितलं. तोंडात टाचण्या धरून त्या माझ्या चुलत नणंदेच्या परकराची पट्टी आत घेत होत्या. या बाईने गाणी केली? मला काही ते खरं वाटेना.

एकदा दुपारी मशीनवरच मी त्यांना म्हटलं, ‘अक्का, एखादं गाणं म्हणा ना. काम हलकं होईल.’

‘मशीनवर गाना जुडत नही, माय,’ त्या म्हणाल्या. ‘पाय तिना तालवर चालतस. मना तालवर नही.’

‘मग मशीन बंद करा.’

त्यावर त्या हसल्या आणि माझ्यापुढे एक उसवायचा ब्लाउज टाकला.

आता आखाजीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. इतरांकडे लेकीबाळींची दिवाळी असेल, आमच्याकडे लेकीबाळींची आखाजी. वैशाखातलं ऊन, निंबाला बांधलेला झोका, आणि माहेरी आलेल्या पोरी. चार दिवस त्यांनी काही म्हणजे काही करायचं नाही. झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, आमरस खायचा, लोळायचं. शेतावरच्या सालदाराचं सालसुद्धा त्याच दिवशी संपतं. तोही नव्या सालाला बांधून घेईपर्यंत मोकळा असतो. मी माझ्या ह्यांना म्हणायचे, सालदाराचं साल निदान संपतं तरी. ते एस.टी.च्या वर्कशॉपात होते. ते म्हणायचे, ‘मला कशाला सांगतेस, मी तर गाडीखाली झोपूनच काम करतो.’

पण सासरहून उठून आपलं आपण माहेरी जायचं नसतं. न्यायला कुणीतरी यावं लागतं. बाप, भाऊ, चुलतभाऊ, कुणीही. त्याला म्हणतात मुराळी. मुराळी आला की त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, जेवू घालायचं आणि बाईची पिशवी भरून द्यायची. घरात कितीही काम तुंबलेलं असो, दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं परत पाठवत नाहीत. तो त्या अख्ख्या घराचा अपमान होतो.

मला न्यायला दरवर्षी माझा मोठा भाऊ यायचा. अमळनेरच्या एस.टी.तून घामाघूम होऊन उतरायचा. अक्का त्याला ताट वाढायच्या, माझी पिशवी स्वतः भरायच्या आणि आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. पहिल्या वर्षी मी वळून हात हलवला. दुसऱ्या वर्षी मी दादाला विचारलं, ‘अक्कांना का कुणी येत नाही रे?’ त्याला काय माहीत! ते मला पुढे अक्कांकडूनच कळलं. आईवडील गेले, मग एका वर्षी भावांपैकी कुणालाच सवड झाली नाही, पुढच्या वर्षी ज्याला त्याला वाटलं दुसरा जाईल. भांडणबिंडण काही नव्हतं. नुसतं यायचं राहून गेलं. सतरा आखाज्या!

आणि आखाजी म्हणजे लग्नाचा मुहूर्त. म्हणजे ब्लाउजांचा नुसता डोंगर. मी माहेरी झोक्यावर, आणि अक्का दोघींचं काम एकटीने ओढताहेत, हे मला माहीत होतं. माहेरी मी तांब्याभर पाणी घ्यायला उठले तरी आई तांब्या हातातून हिसकावून घ्यायची, ‘बस तू, बस.’ काय गोड वाटायचं ते ‘बस’! वहिनी तिच्या माहेरी गेलेली असायची. आम्ही लेकी झोक्यावर ओरडायचो आणि आई आतून आमरसाची वाटी पाठवायची. पण वाटी तोंडाला लावली की मला ती धुळ्यातली ओसरी आठवायची.

चौथ्या वर्षी ती चूक झाली.

शिवण न येणाऱ्यांसाठी सांगते. ब्लाउजच्या बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. पुढे जरा खोल कापायची असते, म्हणून एक बाही उजव्या हाताची होते आणि एक डाव्या. कापताना कापड उलटवायला विसरलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात. शिकाऊ पोरींची चूक आहे ही. क्लासमध्ये आम्ही एकमेकींना त्यावरून चिडवायचो. आणि अक्कांनी, तीस वर्षं शिवणाऱ्या अक्कांनी, एका नवरीच्या शालूवरच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या.

नवरीने तो आमच्याच ओसरीत घालून बघितला. डावा हात वर करायला गेली तर खांद्यात ओढ बसली. नवरीची आई भली बाई. तिने कापड चाचपलं आणि हसून म्हणाली, ‘अहो अक्का, माझ्या लेकीला दोन्ही हात उजवे दिले की तुम्ही! सासरी बरंय, दुप्पट काम करील.’ सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. बायका गेल्यावर त्यांनी ब्लाउज मांडीवर घेतला आणि पातं घेऊन बाही उसवायला लागल्या. पातं दोऱ्यावरून घसरून बोटात गेलं. मी ब्लाउज ओढून घेतला.

‘आते माले काहीच येत नही,’ त्या म्हणाल्या. ‘गानं गयं, आते हात बी गया.’

अक्का रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रडल्या नाहीत. नुसत्या बोटाकडे बघत राहिल्या. मी घाबरले, खरंच सांगते. घराला अक्कांशिवाय बघायची माझी तयारी नव्हती, आणि अक्का समोर असून घरात नव्हत्या. उरलेल्या कापडातून मी डावी बाही काढली. पण मनात माझं ठरलं, या वर्षी आखाजीला ही बाई मशीनवर बसणार नाही.

ठरवणं सोपं हो. मी म्हटलं, ‘अक्का, या वर्षी माझ्याबरोबर चला.’ तर म्हणे, ‘येडी शे का तू? विहिणीना घर आखाजीले कोनी जास का?’ बरोबरच होतं त्यांचं. मुलाची आई सुनेच्या माहेरी गेली की तिचा मानपान करावा लागतो. पाट, रांगोळी, खण, नारळ, आणि हिने दिवसभर पदर सावरून ताठ बसायचं. त्यात विसावा कसला डोंबलाचा? वर म्हणाल्या, ‘आनि बिनमुराळीनी कशी जाऊ? माले कोन येस लेवाले?’

नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘लग्नसराई शे. बठ्ठ्या बाया दारात येऊन उभ्या राहतीन.’

मी दादाला पोस्टकार्ड टाकलं की या वर्षी तू येऊ नकोस, माझी मी येते, का ते आल्यावर सांगेन. मग दोन दिवस मान मोडून नवरीमुलींचे तेवढे ब्लाउज पुरे केले. बाकीची कापडं घरोघर परत देऊन आले, आखाजी झाल्यावर आणा म्हणून. एक बाई तोंड वाकडं करून दुसरीकडे गेली. जाऊ दे म्हटलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी मी पिशवी भरली, पायात चपला घातल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडले. गल्लीला वळसा घालून एस.टी. स्टँडच्या रस्त्याने पुढच्या दाराशी आले आणि कडी वाजवली. दार उघडंच होतं, तरी वाजवली.

अक्का बाहेर आल्या. ‘काय वं? काय विसरनी?’

‘आखाजीले लेवाले ऊनी,’ मी म्हटलं. ‘मी तुमचा मुराळी.’

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘चाल घरमा, लोक हसतीन,’ म्हणाल्या. शेजारची बाई खिडकीतून हसायला लागलीच होती. मी काही आत गेले नाही. उंबऱ्याबाहेर पिशवी ठेवली आणि तिथेच बसले. म्हटलं, मुराळ्याला पाय धुवायला पाणी मिळालं तर आत येईन, नाहीतर इथूनच परत जाते रिकामी. आणि सगळ्या गल्लीला सांगेन की या घरातून मुराळी रिकामा गेला!

हे शेवटचं मी नानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. सून सासऱ्यासमोर अशी बोलते का कधी? आत पेपर घडी केल्याचा आवाज आला. मग भांड्याचा. आणि नाना तांब्या घेऊन बाहेर आले. त्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःच्या पिण्याचं पाणी घेतलेलं मी बघितलं नव्हतं. तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘चार दिवसांनी आणून सोड तिला.’

मुराळ्याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘आणून सोडतो,’ मी म्हटलं. सोडतोच म्हटलं! नानांच्या मागे अक्का तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, मला काही कळलं नाही.

माझं माहेर अमळनेरपासून एस.टी.ने अर्ध्या तासावरचं खेडं. आईने मला बघितलं, मागे अक्कांना बघितलं आणि तिची जी तारांबळ उडाली! ‘विहीणबाई आल्या वं!’ म्हणत ती पाट शोधायला धावली, कुंकवाचा करंडा, खण, चांदीची वाटी. अक्का अंगणात अंग चोरून उभ्या राहिल्या. चेहरा पुन्हा ओसरीतला झाला.

‘आई, थांब!’ मी ओरडले. ‘ही विहीण नाहीये. ही लेक आहे. मी हिला आखाजीला आणलीय.’

आई हातात करंडा घेऊन थबकली. मला वाटलं, आता मला चार शब्द ऐकायला मिळणार. तिने करंडा कोनाड्यात ठेवला, अक्कांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, ‘ऊनी का माय? पाय धू. जेव. आनि झोपी जाय.’

तेव्हा अक्का रडल्या. अंगणातच, हमसून हमसून, सतरा वर्षांचं.

आता माझी फजिती सांगते. अक्का गाणी जोडतात हे मी आधीच्या आखाज्यांनाच गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. झोक्याभोवती पोरी जमल्या. अक्का झोक्यावर बसल्या, दोन हेलकावे घेतले, आणि दोराला डोकं टेकून झोपल्या. पोरी हळूहळू झोका देत राहिल्या, मग कंटाळून पांगल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. निंबाखाली खाट टाकली, त्यावर अक्का. जेवायला उठायच्या, परत आडव्या. डोळे उघडे असले तरी पानांकडे बघत पडून राहायच्या. पोरी मला विचारायला लागल्या, ‘तुनी सासू गाना गावाव होती ना?’ मला लाज वाटायला लागली. आखाजीच्या दिवशी घागर पुजून झाली, जेवणं झाली, तरी गाण्याचा पत्ता नाही. शेवटी मी खाटेशी जाऊन म्हटलं, ‘अक्का, एक तरी म्हणा ना. सगळ्या वाट बघताहेत. उद्या परवा जायचंय आपल्याला.’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ‘आते तू बी माले काम सांगी राहिनी का?’

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी त्यांना विसाव्याला आणलं होतं, आणि विसाव्यातून गाणं निघालंच पाहिजे म्हणून डोक्यावर उभी होते. नानांचे दोन शब्द बरे म्हणायचे. मी दुसऱ्या खाटेवर पडले आणि मीही पानं बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी इतका वेळ नुसतं काही बघितलं असेल. निंबाच्या पानांत उन्हाचे ठिपके हलत होते. मला झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी जाग आली ती गाण्याने. आवाज बारीक, मध्येच फाटणारा. अक्का झोक्यावर एकट्याच होत्या, पायाने जमीन जराशी ढकलत, स्वतःच्या तालावर. ओळ म्हणायच्या, थांबायच्या, परत म्हणायच्या, एखादा शब्द बदलायच्या. मी उठले नाही. पडल्या पडल्या ऐकलं.

देव शिंपी चुकी गया वं माय, देव शिंपी चुकी गया,
दोन्ही बाह्या उजव्या हातन्या बाईले लायी गया.
उजवा हात कामना शे वं, डावा विसावाना,
उसव रे देवा, उसव बाही, डावा हात दे मना.

ती चूक! जिच्यामुळे त्या बोटाकडे बघत बसल्या होत्या, तीच चूक त्यांनी उचलून देवाच्या पदरात टाकली होती. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. हळूहळू पोरी जमल्या. ‘उसव रे देवा, उसव’ सगळ्या एका सुरात म्हणायला लागल्या. एकदा, दोनदा, दहादा. मी झोका द्यायला उठले. एवढ्यात अक्का गाता गाता थांबल्या आणि घराकडे बघायला लागल्या.

मीही बघितलं. आत चुलीपुढे आई होती. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि आई दोन्ही हातांवर पोळी फिरवून मोठी करत होती, या हातावरून त्या हातावर. आम्हा सगळ्या लेकींसाठी, चौथा दिवस. वहिनी तिच्या माहेरी. चार आखाज्या मी आईच्या हातचा आमरस खाल्ला. तो तांब्या माझ्या हातातून घेऊन कोण भरत होतं, ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मोठी आले होते मी अक्कांचा मुराळी होऊन!

अक्का झोक्यावरून उतरल्या. थेट चुलीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, ‘तुले कोनी लेवाले येस का वं, बहीण?’

आई हसली. ‘माले कोन येस, अक्का? मी आते कोननी लेक?’ आईचे आईवडील मी पाळण्यात असतानाच गेले होते. भाऊ तिला नव्हताच.

अक्का परत अंगणात आल्या. पायात चपला घातल्या, कोपऱ्यातली आपली पिशवी उचलली आणि फाटकाच्या बाहेर गेल्या. वळल्या आणि कडी वाजवली.

‘मी मुराळी ऊनी,’ त्या म्हणाल्या. ‘लेकले लेवाले.’

दादा ओट्यावर बसून हे सगळं बघत होता. तो उठला, गुपचूप तांब्या भरून फाटकाशी नेऊन ठेवला, आणि मग चुलीपुढे जाऊन बसला. त्या दिवशीच्या पोळ्या कशा झाल्या ते विचारू नका.

अक्कांनी आईला हाताला धरून बाहेर आणलं. आईचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. ती धुवायला वळली तर अक्कांनी धुवू दिले नाहीत. तिला झोक्यावर बसवलं. आईला हातांचं काय करावं तेच समजेना. मांडीवर ठेवले, पदरात घेतले, शेवटी दोर धरले. दोराला पीठ लागलं. मी मागून झोका दिला. पोरींनी गाणं उचललं, अक्कांनी पुढची ओळ जोडली, आणि आई जात येत राहिली. बऱ्याच वेळाने माझे हात भरून आले आणि मी जरा सैल सोडले. तर आई मान न वळवताच म्हणाली,

‘थांबाडू नको, माय.’